तीन नंबरचं घड्याळ

"केतकीताई, घड्याळ पडलंय का हातनं? पडलं आसंल तर आत्ता सांगा. मी न्हाई वरडत."

प्रयोगशाळेचे शिपाई मल्लूमामा दारात उभे होते. खांद्यावर पुसायचं फडकं, हातात कपाटाच्या किल्ल्या. मी टेबलाखालून नुकतीच वर आले होते आणि स्टॉपवॉच माझ्या मुठीत होतं. टिकटिक चालू होती. काचेला चराही गेला नव्हता.

"नाही मामा. पेन पडलं."

मामांनी फरशीकडे बघितलं, मग टेबलाकडे. पेन टेबलावर होतं, टोपण लावलेलं.

"काच फुटत न्हाई ह्येची, त्येच वाईट हाय बगा," ते म्हणाले. "फुटली तर दिसतं तरी. आतली केसावानी स्प्रिंग सरकली की घड्याळ चालतंय, पर खोटं चालतंय. उद्या परीक्षेत कुनाच्या तर वाट्याला जायाचं. सांगितलं तर मी बाजूला काढून ठिवतो, बास."

"किती संशय मामा! पेनच पडलं म्हटलं ना."

मी हसले. ते हसू मला अगदी छान जमलं, हे आठवतं. मामांनी हात पुढे केला, मी घड्याळ दिलं. त्यांनी ते कानाला लावलं, जरा वेळ ऐकलं आणि कपाटात ठेवलं. आमच्या प्रयोगशाळेत चावीची तीन स्टॉपवॉच होती. पाठीवर लाल नेलपॉलिशने एक, दोन, तीन असे आकडे घातलेले. हे तीन नंबरचं.

जानेवारी महिना होता. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावाबाहेर, माळावर. पुढे आर्ट्सची इमारत, मागे पत्र्याच्या छपराची लांबलचक सायन्स विंग. शेवटच्या वर्षाला फिजिक्स घेतलेले आम्ही सहाजण. चार मुलगे आणि दोन मुली, मी आणि संजीवनी ऐवळे. मुलीला पार्टनर म्हणून मुलगीच हवी, असा आमच्या कुंभार सरांचा नियम, त्यामुळे तीन वर्षं आम्ही दोघी एकाच टेबलावर. माझे बाबा त्याच संस्थेच्या हायस्कुलात शिक्षक, त्यामुळे मी सगळ्यांसाठी 'गुरुजींची मुलगी'. डिसेंबरात माझ्या हातून थर्मामीटर फुटला, तेव्हा सर वर्गात म्हणाले होते, "गुरुजींच्या मुलीकडून ही अपेक्षा नव्हती." मी घरी पोचायच्या आत ती गोष्ट घरी पोचली होती. म्हणून पेन पडलं. एवढंच कारण. आता लिहिताना ते इतकं लहान दिसतं की लाज वाटते.

संजी चौदा किलोमीटरवरून एस.टी.ने यायची. वडील नव्हते. मोठा भाऊ, तानाजीदादा, त्याचा मंडप आणि स्पीकरचा धंदा. ती वर्गात सगळ्यात हुशार होती म्हणण्यापेक्षा सगळ्यात हट्टी होती म्हणायला हवं. आम्हाला उत्तर आलं की पुरे. तिला ते कुठून आलं हे कळल्याशिवाय डबा गोड लागत नसे.

आणि आमच्याकडे उत्तरं येत कुठून, तर 'आजोबां'कडून. आजोबा म्हणजे एक जुनी जर्नल. कुठल्याशा बॅचच्या कुणा हुशार मुलाची. पुठ्ठा उसवलेला, पानं पिवळी, नावाच्या जागी फक्त डाग. दरवर्षी पुढच्या वर्गाला वारशाने मिळायची. तिच्यात प्रत्येक प्रयोगाची रीडिंग, आलेख, उत्तर, सगळं चोख. उपकरणं जुनी, तारा सैल, रीडिंग काही केल्या जुळत नसत. मग कुणीतरी हळूच विचारायचं, "आजोबांना विचारलं का?" आजोबांच्या आकड्यांत इथं तिथं एक-दोनचा फरक करून आम्ही उतरवून घ्यायचो. कुंभार सर सही करायचे. त्यांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. आमच्या आधीच्या बॅचच्या वेळी त्यांनी म्हणे विचारलं होतं, "आजोबांची तब्येत कशी आहे?"

संजी मात्र आधी खरी रीडिंग घ्यायची. मग तिचं उत्तर वाकडं आलं की कपाळाला हात लावून म्हणायची, "द्या बाबा, आजोबा द्या."

फेब्रुवारीत केटर पेंडुलमचा प्रयोग होता. सोपं करून सांगते. मीटरभराहून लांब धातूची दांडी, तिला दोन टोकांजवळ सुरीसारख्या दोन धारा आणि सरकती वजनं. एका धारेवर टांगून झोके मोजायचे, मग उलटी करून दुसऱ्या धारेवर. दोन्हीकडून एका झोक्याला लागणारा वेळ सारखा होईपर्यंत वजनं सरकवत बसायचं. मग त्या वेळेवरून गुरुत्वाकर्षणाचं मूल्य काढायचं. ते सेंटिमीटरमध्ये नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवं, जगात कुठेही. दुपार खाणारा प्रयोग. आणि त्या दिवशी संजी आली नव्हती. आईला डॉक्टरांना दाखवायला मिरजेला गेली होती.

मी दांडी टांगलीसुद्धा नाही. आजोबा उघडले, पन्नास झोक्यांना शंभर सेकंद, उत्तर नऊशे एकोणऐंशी पूर्णांक सहा. उपकरणांच्या रकान्यात घड्याळाचा नंबर लिहावा लागे. आमच्या टेबलावर त्या दिवशी तीन नंबरचं होतं, ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी संजीला जर्नल दिली.

"तू घेतलंस हे? एकटीनं?" ती म्हणाली. "पार दोन्ही बाजू जुळवल्यास?"

"मग काय!"

"घड्याळानं घेतलंस ना गं? का आजोबा?"

"अगं घेतलं ना बाई. उतरव मुकाट्यानं, सही घ्यायचीय."

तिने उतरवलं. माझ्यावर विश्वास ठेवायला तिला काही वेगळं करावं लागत नसे. तीन वर्षांची सवय होती.

मार्चमधली एक दुपार आठवते. प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर आम्ही डबे उघडून बसलो होतो. तिच्या डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, माझ्या डब्यात पोळी-भाजी, आणि नेहमीसारखी अदलाबदल झालेली.

"दादानं शब्द दिलाय," ती म्हणाली. "फर्स्ट क्लास आला तर स्वतः बॅग उचलून कोल्हापूरला सोडतो म्हणाला. एम.एस्सी. कर, हॉस्टेलला रहा."

"आणि नाही आला तर?"

"मग त्याचं ऐकायचं. स्थळ तयारच आहे. जतच्या पलीकडं. म्हशी हायत, ट्रॅक्टर हाय आणि बारावीला तीनदा बसलेला नवरा हाय."

"तीनदा? चिकाटी तर आहे."

ती खदखदून हसली. "लग्नात मंडप मात्र दादाचाच. तेवढाच त्याला घरचा धंदा." मग बोटं चाटत म्हणाली, "थिअरीला मी काठावर आहे केतू. पण प्रॅक्टिकल मला तारणार. प्रॅक्टिकलला मला कोण हरवतंय?"

खरंच कुणी नसतं हरवलं.

परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. पत्रा तापलेला. बाहेरचे परीक्षक आले होते, उंच, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं तिरकस. टेबलावर चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मला न्यूटन्स रिंग्ज आला, भिंग आणि सोडियमच्या दिव्याचा. मला तो आजोबांसकट पाठ होता. संजीने चिठ्ठी उघडली आणि माझ्याकडे वळून ओठ हलवले, "केटर." चेहरा उजळला होता तिचा. मोठा प्रयोग, जास्त मार्क.

मल्लूमामा उपकरणं वाटत होते. एक नंबरचं घड्याळ एका मुलाला गेलं, त्याला दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायचं होतं. दोन नंबरचं होळीपासून बंद होतं. तीन नंबरचं मामांनी संजीच्या टेबलावर ठेवलं आणि जाता जाता माझ्याकडे बघितलं. मी भिंगावर फुंकर मारून ते पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

तासाभराने संजी कुजबुजली. आमची टेबलं शेजारीच होती. मधे सोडियमचा दिवा, त्याचा पिवळाजर्द उजेड आम्हा दोघींच्या हातांवर.

"केतू, पंच्याण्णव येतंय."

"काय?"

"पन्नास झोक्यांना. दोन्ही बाजू मस्त जुळल्या, पण पंच्याण्णव. शंभर यायला पाहिजे ना?"

"शंभर लिही की मग. आजोबा आठव."

"पण येतंय पंच्याण्णव."

"संजे, परीक्षा आहे. आज तरी शहाणपणा नको."

ती पुन्हा दांडीकडे वळली. मी मान न वळवता तिला बघत होते. तिने तीनदा लांबी मोजली. पुन्हा झोके मोजले, ओठ हलवत. मग कच्च्या कागदावर काहीतरी भराभरा गणित केलं आणि थांबली.

"केतू, तुझं मनगटावरचं घड्याळ दे जरा. दोन मिनिटं. ताडून बघते."

बाबांनी बारावीला दिलेलं घड्याळ माझ्या हातात होतं, सेकंदकाट्याचं. तिच्याकडे नव्हतं. मोबाईल सगळ्यांचे बाहेर जमा. प्रयोगशाळेतल्या भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता.

मी बाही खाली ओढली. "सर बघतायत," म्हटलं.

ती पुन्हा कागदाकडे वळली.

परीक्षक तिच्या टेबलाशी आले तेव्हा तिने उत्तर लिहिलेलं होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

"एक हजार शहाऐंशी? हे कुठल्या ग्रहावर आहे तुमचं कॉलेज?"

मुलगे फिसकन हसले. कुंभार सरही हसले, थोडं उशिरा.

"सर, लांबी तीनदा मोजलीय," संजी उभी राहून म्हणाली. "दोन्ही बाजूंचे वेळही जुळलेत. घड्याळ मागं पडतंय सर. मिनिटाला तीन सेकंद."

"असं? तुला कसं कळलं?"

"उत्तर नऊशे ऐंशी यायला हवं. त्यावरून उलटं काढलं."

"वा! म्हणजे उत्तर आधी ठरवायचं आणि मग घड्याळाला दोष द्यायचा." त्यांनी तिची जर्नल ओढली, पानं चाळली. "ही तुझीच ना? केटर पेंडुलम. स्टॉपवॉच क्रमांक तीन. उत्तर नऊशे एकोणऐंशी पूर्णांक सहा. फेब्रुवारीत हे घड्याळ देवमाणूस होतं आणि एप्रिलमध्ये बिघडलं?"

संजीने जर्नलकडे बघितलं. मग माझ्याकडे. ते रीडिंग माझं होतं. तसं ती म्हणाली असती तर तिने उतरवून घेतल्याचं उघड झालं असतं, आणि मीही अडकले असते. तिने टेबलावरचं घड्याळ उचलून हातात धरलं.

मामा कपाटाशी उभे होते. ते दोन पावलं पुढे आले. परीक्षेत शिपाई बोलत नसतो. पण ते बोलले.

"साहेब, ते घड्याळ ह्या केतकीताईंनी बी वापरलंय की. त्यांना इचारा."

आणि घड्याळ ठेवताना बघितलं होतं तसंच त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय हो," परीक्षक माझ्याकडे वळले, "तुम्ही वापरलंय हे? बरोबर चालतं?"

सोडियमचा दिवा गुणगुणत होता. संजीच्या हातात अजून ते घड्याळ होतं, आणि त्याची टिकटिक मला स्पष्ट ऐकू येत होती. एकसारखी. बाहेरून ऐकणाऱ्याला त्यात काही खोट कळली नसती.

"हो सर," मी म्हटलं. "बरोबर चालतं."

त्यांनी संजीला म्हटलं, "पाहिजे तर परत घे रीडिंग. नाहीतर हेच धरतो." तिने परत घेतलं. सगळे आपापल्या टेबलाकडे वळले होते आणि ती एकटी झोके मोजत होती, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. पुन्हा पंच्याण्णव आलं. तिने पंच्याण्णवच लिहिलं. एक हजार शहाऐंशी तसंच ठेवलं. शंभर लिहिता आलं असतं तिला. सगळ्या तालुक्यात त्या दिवशी ती एकटीच असेल जिने जे आलं तेच लिहिलं.

संध्याकाळी स्टँडवर तिची गाडी यायची होती. मी तिच्याबरोबर थांबले. शेंगदाणेवाल्याकडून तिने पुडी घेतली, अर्धी माझ्या हातावर ओतली.

"तुझं किती आलं?" तिने विचारलं.

"जवळपास बरोबर."

"चांगलं झालं."

मग बराच वेळ ती शेंगदाण्यांची सालं फुंकत राहिली.

"केतू, फेब्रुवारीत ते घड्याळ नीट चाललं होतं ना गं?"

आत्ता, या जागी, मी थांबून थांबून लिहितेय. तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला उत्तर हवं होतं, नेहमीसारखं, कुठून आलं ते कळायला हवं होतं.

"हो," मी म्हटलं.

"मग माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली. गाडी आली. चढताना वळून म्हणाली, "पण झोके तर नीट मोजले होते मी."

दुसऱ्या दिवशी मी जर्नल परत न्यायला कॉलेजात गेले. मामा एकटेच होते. तीन नंबरचं घड्याळ टेबलावर, शेजारी त्यांचा मोबाईल.

"लावून बगितलं," ते म्हणाले. "धा मिंटं. मिंटाला तीन सेकंद मागं. पोरीनं बरोबर काढलं हुतं हो."

मी जर्नल शोधत राहिले.

"साहेब अजून सरांच्या केबिनीत हायेत. मार्क गेलं न्हाईत. दुपारच्या गाडीनं जानार." मामांचा आवाज आणखी खाली गेला. "मी शिपाई मानूस. माझं कोन ऐकंल? काल बोललो तर कुंभार सरांनी झापलं मला. तुमी सांगितलं तर ऐकतील. गुरुजींच्या लेकीचं ऐकतील."

"मामा, मला घरी लवकर जायचंय," मी म्हटलं. "पाहुणे आहेत."

मामांनी खांद्यावरचं फडकं काढलं. घड्याळ फडक्यात गुंडाळलं आणि वरच्या खणात, अगदी मागे, ठेवून दिलं.

निकाल जूनमध्ये लागला. संजी प्रॅक्टिकलला काठावर पास. एकूण अठ्ठावन्न टक्के. मला बासष्ट. मी कोल्हापूरला गेले, हॉस्टेलला राहिले, एम.एस्सी. केलं. त्याच वर्षी, श्रावणाआधी, तिच्या लग्नाची पत्रिका आली. खाली पेनने लिहिलेलं, "केतू, नक्की ये. मंडप दादाचाच आहे." माझी सेमिस्टर सुरू झालीय असं मी कळवलं. ती सुरू व्हायला अजून दहा दिवस होते.

याला बारा वर्षं झाली. मी आता पुण्याजवळ राहते. मुलगी आहे, रेवा, अकरा महिन्यांची. मी फार काळजी करणारी आई आहे, असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरते. दुधाचं तापमान मनगटावर दोनदा बघते. मंदार, माझा नवरा, चेष्टा करतो, "तुझी प्रयोगशाळा संपली नाही अजून."

चार महिन्यांपूर्वी रेवाला कफ झाला होता. डॉक्टर म्हणाले, "श्वास मोजत रहा. मिनिटाला पन्नासच्या वर गेले तर लगेच घेऊन या. आणि अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका. पूर्ण मिनिट मोजा." मी बाबांचं ते जुनं घड्याळ काढलं. दुपारचे तीन वाजले होते, रेवा मांडीवर, तिची छाती वर-खाली. बत्तीस, तेहेतीस. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"केतू? मी संजी."

बारा वर्षांनी. आवाज बारीक झाला होता, पण 'केतू' तसंच.

"अगं! कुठून नंबर मिळाला?"

"तुझ्या बाबांकडून. बरी आहेस? बाळ झालं म्हणे."

"हो अगं, पण तिला बरं नाहीये जरा. तू कशी आहेस?"

"मी बरी आहे." मग ती म्हणाली, "एक विचारायचं होतं तुला. राहू दे ते. दोन दिवस तुझ्याकडे आले तर चालेल का गं? दोनच दिवस."

मी आकडा विसरले होते. रेवाची छाती वर-खाली होत होती आणि मला पहिल्यापासून मोजायला हवं होतं.

"आत्ता नको गं संजे. तिला बरं वाटू दे. मी फोन करते तुला, नक्की."

पलीकडून दूर कुठेतरी एका पुरुषाचा आवाज आला. कुणाशी बोलतेस, असं काहीतरी. आणि संजी एकदम मोठ्याने, वेगळ्याच आवाजात म्हणाली, "अंगणवाडीच्या ताई आहेत. पोलिओच्या डोसाचं विचारतायत." फोन बंद झाला.

मी पुन्हा मोजायला घेतलं. पूर्ण मिनिट. त्रेचाळीस आले. रेवा ठीक होती. आठवड्यात खेळायलाही लागली.

मी फोन केला तो अकराव्या दिवशी. नंबर बंद. त्यानंतर रोज करते, बंदच असतो. बाबांकडून तानाजीदादाचा नंबर मिळवला. तो म्हणाला, "बरी आहे की. काय व्हतंय तिला?" स्पीकर तपासणाऱ्या माणसासारखं तो 'हॅलो, हॅलो' म्हणाला आणि फोन ठेवला. मल्लूमामा निवृत्त होऊन गावाकडे गेलेत. त्यांना फोन करायचं मला धाडस होत नाही. ते काय विचारतील, मला माहीत आहे.

एवढं लिहिलंय तर उरलेलंही लिहिते. त्या दिवशी परीक्षेत संजीने माझं घड्याळ मागितलं तेव्हा सर बघत नव्हते. दोघेही सर खिडकीशी पाठमोरे उभे राहून चहा पीत होते. मी घड्याळ दिलं असतं तर कुणालाही कळलं नसतं, आणि तिला दोन मिनिटांत खात्री पटली असती. मी दिलं नाही ते भीतीनं नाही. प्रॅक्टिकलला मला कोण हरवतंय, असं ती म्हणाली होती. तिच्या चिठ्ठीवर केटर निघाला तेव्हा तिचा उजळलेला चेहरा मी बघितला होता. आणि 'हो सर, बरोबर चालतं' म्हटल्यावर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं होतं.

ते बरं वाटणं मी कुणालाच सांगितलेलं नाही. मंदारलाही नाही.

मी जाणार आहे. येत्या रविवारी, रेवाला आईकडे ठेवून. पण हे वाचणारं कुणी त्या बाजूचं असेल, जतच्या पलीकडचं, तर माझी वाट बघू नका. ऐवळ्यांची संजीवनी म्हणून विचारू नका, तिथं तिला माहेरच्या नावाने कुणी ओळखत नसेल. सासरचं नाव-गाव पत्रिकेत होतं, ती पत्रिका मी जपून ठेवली नाही. म्हशी असलेलं घर, ट्रॅक्टर असलेलं घर, आणि त्या घरातली सून जी बी.एस्सी. झालीय. अशा किती असणार? अंगणवाडीतून आलोय म्हणा. तिला बाहेर बोलवा. कशी आहेस, विचारा. ती म्हणेल, बरी आहे. ती तसंच म्हणते.

तेवढ्यावर परत फिरू नका. दारात उभं राहून तिच्याकडे बघा. एक मिनिट. अर्ध्याचं दुप्पट करू नका, पूर्ण एक मिनिट. आणि तुमचं घड्याळ नीट चालतं का, ते निघायच्या आधी ताडून घ्या.